उतरायचा कंटाळा

मी एक जुनी लाकडी शिडी आहे, मित्रांनो. घडीची, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली. सुताराने मला मन लावून घडवलं आणि रंगारीकाकांनी हात जोडूनच माझ्यावर पहिला पाय ठेवला. पुढे किती घरांची छतं आम्ही मिळून उजळली, ते देवच जाणे.

काकांची एक सवय होती. पुढची भिंत घ्यायची झाली, तरी ते खाली उतरत नसत. वरच्या टोकावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आणि कमरेच्या हिसक्यांनी मलाच चालवायचे. टकटक, टकटक. बघणारे वाहवा करायचे.

खाली रंग कालवणाऱ्या काकू तेवढ्या म्हणायच्या, "अहो, उतरा की. झिजणार आहात का?"

"हिला चार पाय आहेत, मग माझे कशाला दमवू?"

त्या दुपारी फरशीवर प्लॅस्टिक अंथरलं होतं. काका मला तसंच चालवत होते, तेवढ्यात माझा एक पाय त्यावरून सटकला आणि काका डोक्यावर पडले. उंची म्हणाल तर दरवाजाएवढी. रक्ताचा थेंब नाही. मला वाटलं, आता कपडे झटकून उठतील.

ते शांतपणे म्हणाले, "अगं, माझे पाय कुणी वर धरलेत? खाली ठेवायला सांग."

पाय जमिनीवरच होते. कुणीही धरले नव्हते.

घरमालक धावत आले आणि त्यांनी काकांच्या बगलेत हात घातले. "उठून बसा बघू. पाणी प्या, बरं वाटेल."

"हात काढा," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण हात निघाले. "मान हलवायची नाही. रुग्णवाहिका बोलवा." पूर्वी एका मजुराला असंच उचलून बसवलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्याचं पुढे काय झालं, तेही. त्या फरशीवर बसल्या आणि काकांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून राहिल्या. काका उठू पाहत होते.

"माझ्याकडेच बघा," एवढंच त्या म्हणत होत्या.

मानेचा मणका मोडला होता, आतला मज्जारज्जू चेपला होता. उठवून बसवलं असतं तर हातही गेले असते, कदाचित श्वासही, असं डॉक्टर म्हणाले.

काका आता चाकांच्या खुर्चीत असतात. आपल्या हातांनी जेवतात. पाय परत आले नाहीत. मला त्यांनी एका तरुण रंगाऱ्याला दिलं, सरकवताना उतरायचं या एकाच अटीवर. तो उतरतो. सोबती चिडवतात, "काय रे, इतक्यात म्हातारा झालास?" तरी उतरतो.

मित्रांनो, तुम्हीही उतरा. आणि कुणी पडलं तर मायेपोटी ओढून उठवू नका. डोकं स्थिर धरा, मदत बोलवा आणि थांबा. थांबणं फार कठीण असतं. मी तिथेच आडवी पडून पाहत होते. काकूंचे खांदे थरथरत होते, तळवे मात्र हलले नाहीत.