कोरा रोल

बेसा रोडवरच्या त्या स्कीममध्ये फ्लॅट पुष्कळ होते आणि दारे बहुतेक बंदच. जितेंद्र मिहानमधल्या कंपनीतून घरी यायचा, तेव्हा त्याच्यात बोलण्याचेही त्राण नसायचे. वडील गेल्यावर त्याने आईला, प्रयागबाईंना, भिवापूरहून इथे आणले होते. वेगळी खोली दिली, कूलर दिला, मोबाइल दिला. तरी त्यांचे जेवण कमी होत गेले. डॉक्टर म्हणाले, दुखणे काही नाही. मग एका सकाळी त्यांनी आपली पिशवी भरून दारामागे ठेवली.

"मले भिवापूरले पोचवून दे."

"तिथं आता कोण आहे आई?"

"अन् इथं कोण आहे? तू जातं, सून जाते. मंग मी अन् हा कूलर. तोच दिवसभर बोलते माह्यासंग."

जितेंद्रला वाद घालायचीही ताकद नव्हती. सून कामिनी हळूच म्हणाली, "जाण्याआधी शेजाऱ्यांसोबत एक फोटो तरी काढू." जितेंद्रने मोबाइल पुढे केला. प्रयागबाईंनी तो हाताने बाजूला सारला.

"त्याच्यातला नोको. पाहाला का संपला! तो पाहाले कोणी घरी येते का? तुहे बाबा फोटोचा रोल धुवून आणत, तं अख्खी गल्ली आपल्या ओसरीत बसे. कोणी चहा पिये, कोणी भांडे, फोटोत माहे डोळे मिटले म्हणून!"

वडील शिक्षक होते, फोटोंचे वेडे. त्यांचा जुना कॅमेरा त्या पिशवीतच होता. जितेंद्रने बर्डीच्या बाजारातून रोल आणला आणि दमल्या हातांनी, घाईघाईत भरला.

रविवारी मायलेक दारोदार गेले. समोर रुख्मिणीबाई राहत, निवृत्त नर्स, एकट्या. त्यांच्या चपला रोज दिसायच्या. चेहरा आज पहिल्यांदा नीट दिसला.

"मोबाइलवर पाठवाल ना?" त्यांनी विचारले.

"नाही वं माय. धुवून आले का घरीच ये पाहाले. पुढच्या रविवारी. चहा होईन."

"मग थांबा जरा, साडी बदलून येते!"

रोलमधले फोटो मोजकेच, म्हणून प्रत्येक जण मन लावून उभा राहत होता. वरच्या मजल्यावरच्या रजतला प्रयागबाई म्हणाल्या, "अगा, हसून राहिला का दात दुखून राहिले?" आणि तो खरेच हसला.

त्या आठवड्यात प्रयागबाई दोन घास जास्त जेवल्या. चिवड्यासाठी पोहे आणायला सांगितले. पिशवी मात्र दारामागेच होती.

शनिवारी जितेंद्र फोटो आणायला गेला. दुकानदाराने कोरी पारदर्शक पट्टी उजेडात धरली. "साहेब, रोल आत अडकलाच नव्हता. तुम्ही बटण दाबत राहिले, तो जागचा हललाच नाही."

एकही फोटो नाही! जितेंद्र गाडीत सुन्न बसून राहिला. आता कोणी येणार नाही, आणि आईही थांबणार नाही. दुकानदाराने रोल हरवला असे आईला सांगावे, असेही क्षणभर त्याच्या मनात आले. पण घरी आल्यावर आईचा चेहरा पाहून खोटे बोलवेना.

प्रयागबाईंनी पट्टी हातात घेतली, खालीवर पाहिली. मग हसू लागल्या. "तुह्या बाबानं बी एका लग्नात असंच केलं होतं! नवरदेव मारासाठी शोधून राहिला होता त्याईले!"

जितेंद्रला हसू आले नाही. तो थकून म्हणाला, "ग्रुपवर मेसेज टाकतो, उद्या येऊ नका म्हणून."

"काहून? दारोदार जाऊन काढले, तं दारोदार जाऊन सांग. चूक झाली हे सांगाले बी माणसाच्याच तोंडाकडं पाहा लागते."

सांगणे सोपे होते, जाणे अवघड. त्याने समोरची बेल दाबली. रुख्मिणीबाईंनी ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरला.

"फोटो नाही, ठीक आहे," त्या चाचरत म्हणाल्या. "पण मी उद्या यायचं, की नाही?"

त्या प्रश्नाने जितेंद्रला आतून हलवले. अरे, ही बाई फोटोची नव्हे, बोलावण्याची वाट पाहत होती! आणि माझी आईसुद्धा! खोली दिली, कूलर दिला. माणूस द्यायचा मात्र राहूनच गेला!

"या ना मावशी," तो म्हणाला. "नक्की या."

रविवारी सगळे आले असे नाही. पण रुख्मिणीबाई आल्या, रजत आला, आणखी काही जण आले. चिवड्यात भिवापुरी मिरची जास्त झाली होती. डोळे पुसत सगळे कोरी पट्टी पाहत होते. "यात मीच सगळ्यात चांगला दिसतो," रजत म्हणाला. मग नवा रोल कधी भरायचा, यावर बरीच चर्चा झाली.

सगळे गेल्यावर प्रयागबाईंनी पिशवीतून लुगडी काढून कपाटात ठेवली. "फोटो पाहून मंग जाईन," त्या म्हणाल्या. "अन् रोल फिरते का नाही, ते या टायमाले पाहजो."

वाचकहो, एका कॅमेऱ्याने एकटेपण मिटते असे म्हणण्याचे धाडस होत नाही. जितेंद्र सोमवारी तसाच दमून घरी आला. पण घरात शिरण्याआधी त्याने समोरची बेल वाजवली. आपणही सगळे दमलेलेच आहोत. तरी शेजारचे दार वाजवायला एखादे निमित्त शोधू या. ते फसले तरी चालेल. दार तर उघडलेले असते.