दाराआडचा डावा हात

मी एक जुना रबरी पॅड आहे, मित्रांनो. ड्रम वाजवणाऱ्यांचे हात माझ्यावर तयार होतात आणि टाळ्या मात्र ड्रमला मिळतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी असा कडवट का बोलतो ते कोणी विचारायला नको.

जळगावच्या मेहरूणमध्ये राकेशभाऊंनी ट्रकच्या टायरचं रबर कापून फळीवर ठोकलं आणि मला बनवलं. भीमगीतांच्या गायन पार्टीत ते ड्रम वाजवायचे. कंबरेने दगा दिल्यावर त्यांनी आपल्या जागी मुलाला, प्रशीलला, बसवायचं ठरवलं. आधी माझ्यावर हाताचे धडे गिरवायचे: उजवा, डावा, उजवा, उजवा, मग डावा, उजवा, डावा, डावा. ऐकायला सोपं वाटतं, पण डावा हात भल्याभल्यांना रडवतो. प्रशील लवकरच कंटाळला.

मला उचललं ते स्नेहलने. ती राकेशभाऊंची पुतणी, कॉलेजसाठी पहूरहून त्यांच्याकडे राहायला आलेली. सकाळी नळाखाली पिंप लावून ती मागच्या खोलीत माझ्यासमोर बसायची. प्रशील तिथेच पांघरुणात मोबाइल बघत लोळत असायचा. आधी सावकाश, मग थोडं जलद, चुकलं की पुन्हा सावकाश. तिच्या बोटांना फोड आले, फुटले, कातडी घट्ट झाली. डावा हात उजव्याच्या तोडीस तोड झाला. तिला जयंतीच्या कार्यक्रमात ड्रमवर बसायचं होतं, एवढंच.

रात्रपाळीहून आलेले राकेशभाऊ पुढच्या खोलीत आडवे पडून ऐकायचे. मधलं दार लोटलेलं असायचं. "प्रशीलना हात बसना आते," पोराचा हात बसला असं समजून ते खुशीत म्हणायचे. स्नेहल खरं सांगायला निघाली, तर काकूने, झुंबरबाईने, तिला अडवलं.

"गप ऱ्हाय. बाप पोऱ्यानं कौतुक करी ऱ्हायना, करू दे."

जयंतीच्या आदल्या दिवशी तालमीत प्रशील ड्रमवर बसला आणि पहिल्याच गाण्यात त्याचे हात एकमेकांत अडकले.

"काका, रोज मीच वाजवत होते," स्नेहल म्हणाली. तिने त्याच्या हातातल्या काठ्या घेतल्या आणि तेच गाणं पूर्ण वाजवून दाखवलं.

राकेशभाऊ खाली बघत राहिले. "चांगलं वाजाडस तू, बेटा. पन चौकमा बॅनर लागी गया. त्यावर प्रशीलना फोटू शे."

कार्यक्रमात ऑक्टोपॅडच्या यंत्रातला तयार ठेका लावून दिला आणि प्रशील नुसत्या काठ्या हलवत राहिला. मोठा ड्रम पुढे सरकू नये म्हणून मला त्याच्या पायाखाली सारलं होतं. तिथून मला बायकांमध्ये बसलेली स्नेहल दिसत होती. तिचे हात मांडीवर चालले होते, उजवा, डावा, उजवा, उजवा. एकही ठोका चुकला नाही. मग प्रशीलसाठी टाळ्या पडल्या आणि तिचे हात थांबले. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी बसली नाही.

मित्रांनो, मला पुसून नीट ठेवा असं मी म्हणत नाही. रबर आहे, टिकेन. पण तुमच्या घरात कोणी सराव करत असेल, तर पुढच्या खोलीत पडल्या पडल्या कौतुक करू नका. उठा, दार उघडा आणि कोण वाजवतंय ते बघा.