पुढे पळवलेला म्हातारा

आमच्या ह्यांना सिनेमात कुणी गप्प बसलेलं खपत नाही. लगेच रिमोट उचलतात आणि पुढे पळवतात. "इथे काही घडत नाहीये," म्हणतात. आजवर घरात जेवढे सिनेमे पाहिले, ते सगळे असे गाळीव.

लेक शिकायला बाहेर गेली आणि जाताना टीव्हीवर देशोदेशीचे सिनेमे दिसायची सोय करून गेली. आमची लाँड्री आहे. दुपारी ह्यांची डुलकी चालायची, तेव्हा मी आवाज बंद करून बघायचे. भाषा कुठे कळत होती, खालच्या ओळी वाचायच्या. पहिला बघताना झोपच लागली. दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना मात्र त्यातली बस चुकलेली बाई डोक्यातून जाईना, म्हणून पुन्हा लावला. हळूहळू मला माझं कळायला लागलं. लेकीने डोक्यावर घेतलेले दोन मला भिकार वाटले आणि तिला मी तसं सांगितलंही.

एक मात्र असा निघाला की एकटीने बघून पुरेना. ह्यांच्याबरोबर बघायचा होता, अख्खा. सुट्टीच्या दिवशी मी तसं बजावलं. "बरं बाई," म्हणाले.

त्यात एका म्हाताऱ्याची बायको मरते. पाहुणे गेल्यावर तो तिचं कपाट उघडतो आणि एकेका कपड्याची घडी घालत बसतो. बोलत नाही, रडत नाही. दुसऱ्याच झग्याला ह्यांनी बटण दाबलं. म्हातारा माकडासारखा भराभर हात हलवायला लागला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "थांबवा."

"अगं, दिवसभर घड्याच घालतो मी. सुट्टीलाही पुन्हा त्याच बघू? आणि ह्याला तर जमतही नाहीये. बायको गेली, कपडे आवरतोय, कळलं की. पुढे?"

"माझ्या कपड्यांना किती वेळ लागेल तुम्हाला?"

इथे तरी माणसाने थबकावं. ह्यांनी खोलीतल्या माझ्या कपाटाकडे नजर टाकली आणि गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं, "तुझे? अर्धा तास. फार तर."

गाढवाला गुळाची चव काय, म्हणून आजवर सोडत आले. पण त्या अर्ध्या तासात ह्यांनी माझा अख्खा संसार बसवला होता. मी रिमोट हिसकावला, सिनेमा मागे नेला आणि रिमोटवरच बसले.

म्हातारा पहिल्यापासून सुरू झाला. हे फुरंगटून बसले. म्हाताऱ्याने शेवटचा कपडा ठेवला, कपाट लावलं. मग परत उघडलं आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली.

"नीट होती की. परत का मोडली?" ह्यांनी विचारलं. सिनेमा बघताना ह्यांनी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मला उत्तर येत होतं. दिलं नाही. मला कुणी दिलं होतं?

"गप्प बघा," मी म्हणाले. "अर्धा तास झाला नाही अजून."