पाप ओळखणारी ज्योत

पोलादपुरात महामार्गालगतच्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवरून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. महाडच्या पेठेतल्या चार सुखवस्तू गृहिणीही पुढच्या रांगेत बसल्या होत्या. व्यासपीठावर जरीच्या वस्त्राने झाकलेले काहीतरी उंच ठेवले होते आणि त्याशेजारी ज्योतिर्माई विराजमान होत्या. स्त्रीच्या हनुवटीवर वा ओठांवर उगवणारे केस म्हणजे पूर्वपापाचे अंकुर, आणि ते जाळणारी ज्योत केवळ आपल्याच हाती प्रकटते, अशी त्यांची ख्याती.

"नेत्र मिटा! हे तेज चर्मचक्षूंना सोसायचं नाही!" शिष्या पुकारी. शंख वाजे. साऱ्या जणी डोळे मिटत. आसनावरच्या बाईचे डोळे तर फडक्याने घट्ट बांधलेले असत. वस्त्राखालून गुणगुण उठे. माई म्हणत, हा अनाहत ओंकार. मग मिटल्या पापण्यांतूनही लख्ख उजेड जाणवे आणि पाठोपाठ करपल्याचा वास सुटे.

"पाप जळालं गो, पाप!" बायका हात जोडून पुटपुटत.

दर्शना रांगेत खाली मान घालून बसली होती. तिची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेस शिष्येने गालाला थंडगार लेप लावला, तसा गाल आपला नाहीच असे वाटू लागले. ज्योत पडली तेव्हा तिला काहीच कळले नाही. सायंकाळी मात्र हनुवटीपासून कानापर्यंत विटकरी चट्टे उमटले. गोऱ्यापान गृहिणींचे केस पंधरवड्यात गळून पडले होते. त्यांना माईंनी पुण्यशील ठरवले होते. दर्शनाचा भाजलेला सावळा गाल पाहून माई पुढच्या खेपेच्या आधीच, एका गुरुवारी भर सभेत म्हणाल्या, "हिनं काहीतरी लपवलेलं आहे. ज्योत खोटं बोलत नाही."

ते वाक्य शकूबाईंनी ऐकले होते. शकूबाई म्हणजे दर्शनाची होणारी सासू. त्यांचा भरत मुंबईत नोकरीला. "दुसऱ्या खेपेला गाल साफ निघाला तर सोयरीक, नायतर नाय," असे त्यांनी सांगून टाकले. घरात रडारड झाली. दर्शना रडली नाही. जेवण पुढे आले की ती जेवे, कोणी हाक मारली की उठे. मनालाही कोणीतरी तोच लेप फासला असावा, तशी.

तिला महाडला डॉक्टरकडे ओढून नेले ते रंगूबाईने. ही तिची म्हातारी आत्या; हौसेने तीही माईंच्या आसनावर बसून आली होती. तिच्या हनुवटीवर लहानपणीचे तीन ठिपक्यांचे गोंदण होते. नेमक्या त्या तीन ठिपक्यांवर तीन फोड आले होते, आणि भोवतालचे पांढरे केस जसेच्या तसे उभे होते.

"डाक्टरीनबाय, मी यवढी पापी हाय, तर केस का नाय जळले माजे?" रंगूबाईने विचारले.

त्वचारोगतज्ज्ञ डॉ. वैदेही यांनी दोन्ही चेहरे उजेडात धरून पाहिले. "आजी, तुमच्या हनुवटीनंच सगळं सांगितलंय. ही ज्योत नव्हे, यंत्र आहे. त्यातून अनेक रंगांचा मिसळलेला प्रकाश झटक्यासरशी बाहेर पडतो. जिथे काळं दिसेल, तिथे त्याची उष्णता होते. गोऱ्या त्वचेत काळा असतो तो केसच, म्हणून मूळ तापतं. सावळ्या त्वचेत रंग सगळीकडे पसरलेला, म्हणून त्वचाच भाजते. गोंदणाची शाई काळी, तिथे फोड आले. पांढऱ्या केसात रंगच नाही, म्हणून ते वाचले."

"आनि लेप?" दर्शनाने प्रथमच तोंड उघडले.

"बधिर करायचं मलम. दुखलं असतं तर तू मान मागे घेतली असतीस. शरीर तेवढ्यासाठीच तर ओरडतं."

"मंग टीव्हीत दावतात तो लेझर तरी चांगला?"

"लेझर म्हणजे एकाच रंगाचा प्रकाश. त्यातही लांब लहरीचा जो प्रकार आहे, तो वरच्या त्वचेत कमी अडकतो आणि खोल जातो. तुझ्या वर्णाला त्यातल्या त्यात सुरक्षित. पण तोही जाणत्या हातानंच घ्यायचा, आणि एका बैठकीत काही होत नाही. ते पुढचं. पाळी अनियमित आहे ना? आधी रक्त तपासू. संप्रेरकांचा बिघाड असेल तर त्यावर औषध हवं. तोवर या गालावर कसलाही प्रकाश नको. आणखी एक झटका बसला तर व्रण कायमचा राहील."

आणि तरीही आज दर्शना रांगेत होती. तिच्या पदराआड पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा होता, त्यावर काजळाचे तीन ठिपके. मागच्या बाजूस रंगूबाईशेजारी डॉ. वैदेही बसल्या होत्या.

तिचे नाव पुकारले गेले. ती आसनावर बसली, पण फडके बांधू दिले नाही.

"माई, ज्योत पाप ओळकते ना? मंग आधी या कागदावर पाडा."

"मूढ मुली! निर्जीवाला कसलं पाप? ज्योत त्याला स्पर्शसुद्धा करणार नाही."

"मंग दावा की, माई!" पुढच्या रांगेतून शकूबाई ओरडल्या. त्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती, म्हणूनच त्यांना भीती नव्हती. "पोरीचं तोंड तरी बंद व्हईल."

माईंना यंत्राचा खटका ठाऊक होता, शास्त्र नव्हे. सभा डोळे उघडे ठेवून पाहत होती. त्यांनी वस्त्राखालून जरीत गुंडाळलेली यंत्राची मूठ काढली आणि कागदावर टेकवली.

लख्ख उजेड झाला. काजळाच्या ठिपक्यांतून धुराची बारीक रेघ उठली आणि तोच ओळखीचा वास सुटला. उरलेला कागद पांढराशुभ्र होता.

"या कागदानं कुठलं पाप केलं?" दर्शनाने विचारले. आवाजात राग नव्हता, थरथरही नव्हती.

"याच्या पूर्वजन्मी... ज्या वृक्षाचा हा कागद..." माई चाचरल्या. कोणीतरी फिसकन हसले.

"अगो, ज्योतीला काळं दिसलं की ती भाजते!" रंगूबाई उठून उभी राहिली. "आमचा किसनदेव काळाच हाय की! त्यालाबी भाजशील काय गो?"

आता सारी सभा हसू लागली. डॉ. वैदेही व्यासपीठावर चढल्या आणि त्यांनी जरीचे वस्त्र ओढले. खाली चाकांवरचे यंत्र होते. वायर भिंतीतल्या प्लगात गेलेली, आणि आत गुणगुणत होता तो थंडाव्याचा पंखा.

"बायांनो, भक्ती जरूर करा," त्या म्हणाल्या. "पण कुणी गालाला आग लावायला निघालं, तर साधन कोणतं, ते चालवणारी काय शिकलेली, आणि माझ्या कातडीला ते चालेल का, एवढं विचाराच. खऱ्या देवाला प्रश्नाचा राग येत नाही. हनुवटीवरचा केस हे शरीराचं लक्षण आहे, चारित्र्याचं नव्हे."

शकूबाई हळूच दर्शनाजवळ आल्या. "पोरी, सोयरीक मोडली नाय हां आमी."

दर्शनाने त्यांच्याकडे पाहिले. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

"भरतला म्हनावं, गाल बरा झाल्यावर येऊन मला इचार," ती शांतपणे म्हणाली. "मग मी सांगेन, हो का नाय ते."