ईयोबाची नंतरची मुलं

मास्तरणीने उजवा पाय फरशीवर करकचून दाबला, पण पाळक काही थांबले नाहीत.

"मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैल दुप्पट, गाढवंसुद्धा दुप्पट," ते म्हणाले. "ईयोबाची गुरंढोरं गेली, दहाही मुलं मेली, आणि शेवटी देवाने त्याला सगळं दुप्पट परत दिलं. मग मुलं मात्र पहिल्याइतकीच दहा का? सांगा बघू कोणीतरी."

पाय दाबायची ही सवय तिला ड्रायव्हिंग स्कूलने लावली होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक असतो. शिकणारा भलतीकडे निघाला की मास्तरणीचा पाय आपोआप त्याच्यावर जातो. तो आता इतका सरावला होता की बसमध्ये, दातांच्या दवाखान्यात, एवढंच काय स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा खाली काहीतरी चाचपडत होता. ते लग्न जमलं नाही ही गोष्ट वेगळी. शिकणारे तिला मास्तरीण म्हणत, म्हणून चर्चमध्येही सगळे तेच म्हणू लागले, आणि तिला ते फार बरं वाटे. खऱ्या नावाने हाक मारणारी एक आईच उरली होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, उपासना आटोपली की पाळकांच्या दिवाणखान्यात बायबलवर शंकासमाधान चाले. पाळक नवे होते, तरुण होते आणि त्यांना प्रश्न आवडत. लोक मात्र तेच ते प्रश्न घेऊन येत. निवृत्त पोस्टमास्तर दरवेळी, जगात दुसरं कुटुंबच नसताना काइनाला बायको कुठून मिळाली ते विचारत आणि कुठल्याच उत्तराने त्यांचं समाधान होत नसे, कारण झालं असतं तर पुढच्या महिन्यात त्यांना यायला निमित्तच राहिलं नसतं. आज पाळकांनी त्यांना गप्प बसवून स्वतःच प्रश्न काढला होता. त्याचं कारण सोफ्याच्या कडेला बसलं होतं.

वेल्डर आणि त्याची बायको. त्यांचा चार वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी तापाने गेला होता. त्यानंतर ती आज पहिल्यांदाच चार माणसांत आली होती, आणि हातातला रिकामा कप बशीत नुसता फिरवत होती.

मग उत्तरही पाळकांनीच दिलं. गुरं मेली की संपली, म्हणून ती दुप्पट द्यावी लागली. मुलं संपत नाहीत, ती देवाजवळ असतात. पहिली दहा तिकडे, नंतरची दहा इकडे, एकूण वीस. म्हणजे मुलंही दुप्पटच झाली.

पोस्टमास्तरांनी मांडीवर थाप मारली. वेल्डरने मान डोलावली, समजलं म्हणून की बायकोने डोलवावी म्हणून, कोण जाणे. पाळकांच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्याचा आनंद होता. मास्तरणीचं डोकं तडकलं ते तो आनंद बघून.

"आता मावशी आपली साक्ष देतील, देवाने त्यांच्यासाठी काय केलं ते सांगतील," पाळक म्हणाले, आणि आई उठली.

आईने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली होती. साक्ष द्यायला उभी राहिली की तिचा तोच आवाज लागे, एकेक शब्द सुटा, समोरच्याला पुन्हा विचारावं लागू नये असा. देवाने माझी सहा वर्षांची मुलगी नेली. मी देवाशी भांडले. दोन वर्षांनी देवाने माझी मुलगी मला परत दिली. आणि मग हात लांब करून, ही बघा, तुमच्यासमोर बसली आहे.

सगळ्या माना वळल्या. मास्तरीण हसली. या जागेवर हसायचं असतं हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं.

परत मिळालेल्या मुलीला तेच नाव ठेवलं गेलं. तिचेच फ्रॉक हिला घातले गेले. दाराच्या चौकटीवर पहिलीची उंची पेन्सिलीने मांडलेली होती. ही त्या शेवटच्या रेघेपर्यंत पोचली तेव्हा आईने तिला चौकटीला उभं केलं, खूप वेळ बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली. त्या रेघेच्या वर कोणाचीच उंची मांडली गेली नाही. पहिलीच्या कबरीवर आई वर्षातून एकदा एकटीच जाई. तू घरीच थांब, ऊन आहे, म्हणे. पुढे मास्तरणीनेही कधी हट्ट केला नाही. आपलं नाव आपल्याआधी वापरून टाकणाऱ्या मुलीला भेटायला कशाला जायचं, असा तिचा राग होता, आणि तो तिने चांगला सांभाळून ठेवला होता.

"तुम्हालाही देव परत देईल," पाळक वेल्डरच्या बायकोला हळुवारपणे म्हणाले. "तुमचं वय लहान आहे."

कप बशीत फिरायचा थांबला.

"एक शंका होती," मास्तरीण म्हणाली.

"विचारा ना ताई. त्यासाठीच तर बसलोय."

"ती पहिली दहा देवाजवळ आहेत?"

"आहेत."

"म्हणजे परत आली नाहीत."

"या जगात नाही."

"मग मी कोण?"

आई अजून उभीच होती. पाळकांनी चष्मा सारखा केला. मावशींचं बोलणं कृतज्ञतेचं आहे, म्हणाले, त्याचा भाव घ्यायचा, तिथे हिशेब लावायचा नसतो.

"मघापासून हिशेबच तर चाललाय," मास्तरीण म्हणाली. "दहा तिकडे, दहा इकडे. ईयोबाने काय भोगलं ते तुम्ही सांगता, त्याला काय मिळालं तेही सांगता. त्या नंतरच्या दहा जणांना कोणी काही विचारलं का? जेवायला बसावं तर प्रत्येक खुर्चीवर आधीच कोणीतरी बसलेलं. तोंडातून हूं की चूं काढायची सोय नाही, कारण आपण म्हणजे देवाचा आशीर्वाद."

तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पोस्टमास्तरांनी घसा खाकरून मध्ये पडायचा प्रयत्न केला. शास्त्रात पहिल्या मुलींची नावंच नाहीत, म्हणाले, नंतरच्या तिन्ही मुलींची मात्र दिली आहेत. केवढा हा मान.

"नावं तरी स्वतःची मिळाली त्यांना," मास्तरीण म्हणाली.

वेल्डरची बायको उठली, स्वतःचा आणि आजूबाजूचे दोन-तीन कप तिने गोळा केले आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आईने मास्तरणीकडे पाहिलं नाही. तीही मागोमाग गेली.

आपण प्रार्थना करू या, पाळक म्हणाले. सगळ्यांनी घाईघाईने डोळे मिटले. मास्तरणीने मिटले नाहीत. जिच्यासाठी आपण तोंड उघडलं तिलाच उठून जावं लागलं, हे तिच्या लक्षात आलं आणि संताप फिरून तिच्याच अंगावर आला. माफी मागायला म्हणून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली.

आत नळ चालू होता. आई कप विसळत होती आणि बोलत होती. आवाज एक्स्चेंजमधला नव्हता. जाडसर होता, मध्येच अडकत होता. हा आवाज मास्तरणीने कधी ऐकला नव्हता.

"मूल होईल तुला. होऊ दे. पण ते दुसरं असेल, पोरी. त्याला याचं नाव ठेवू नकोस. मी ठेवलं. अजून हाक मारते तेव्हा दोघी वळून बघतात. येते एकच."

वेल्डरची बायको ओट्याला धरून उभी होती. दोन महिन्यांत कोणी तिला रडू दिलं नसावं, इतकी ती रडत होती. आईने ओल्या हाताने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

मास्तरीण आत गेली नाही. किल्ली घेऊन बाहेर आली आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून राहिली.

आई आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती नेहमीसारखी शेजारच्या सीटवर बसली आणि पाय मागे ओढून घेतले. खाली पेडल आहे, चुकूनही पाय लावायचा नाही, असा मास्तरणीने पूर्वी एकदा दम भरला होता. तेव्हापासून आई तिथे कुत्रं झोपलेलं असावं तशी बसे.

गाडी बाजाराच्या रस्त्यातून बाहेर पडली.

"ऐकलंस ना?" आई म्हणाली.

"ऐकलं."

"तेव्हाचे पाळक म्हणाले होते, असं बोलत जा. बोलता बोलता विश्वास बसेल."

"बसला?"

मास्तरणीने गिअर असा बदलला की शिकणाऱ्याने बदलला असता तर त्याला खाली उतरवलं असतं.

"सगळा जन्म मी तुझ्या तोंडाकडे बघत काढला. हे एक वाक्य मला सांगता आलं नाही तुला? आणि तिला सांगितलंस. धड ओळख नसताना, भांडी विसळताना."

"तिचं अजून काही बिघडलेलं नाही," आई म्हणाली.

"आणि माझं बिघडलंय."

आईने नाही म्हटलं नाही. तेच मास्तरणीला सहन झालं नाही. तिने ॲक्सिलरेटर दाबला. रोज तोंडाने हळू, हळू करणारी मास्तरीण दुकानं, शाळेची भिंत, पेट्रोल पंप मागे टाकत सुटली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला तिला हात काढायचा नव्हता.

गाडी गचकन थांबली. दोघी पट्ट्यांसकट पुढे गेल्या आणि मागे आपटल्या. मागून कोणीतरी हॉर्न वाजवून शिवी हासडली आणि वळसा घालून गेला. मास्तरणीचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. तिने खाली बघितलं. दुसऱ्या ब्रेकवर आईची काळी चप्पल होती.

डावीकडे लोखंडी फाटक उघडं होतं. आत कबरींच्या रांगा आणि पाण्याचा एक नळ. या फाटकावरून ती रोज शिकणाऱ्यांना नेत असे, आणि इथे आलं की दरवेळी आत बघावं लागू नये म्हणून आरसा नीट करत असे.

"दगडावर तुझंच नाव आहे," आई म्हणाली. "ते तुला वाचावं लागू नये म्हणून कधी आणलं नाही."

मास्तरणीने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. राग कमी झाला नव्हता. इतक्या वर्षांचा राग एका ब्रेकने कमी होत नाही.

"मग आज कशाला?"

आईने पट्टा सोडला. तो सोडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"तिला धाकटी बहीण आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही."

मागे पुन्हा कोणाचा तरी हॉर्न वाजला. मास्तरणीने स्टिअरिंगवरचा एक हात काढून डोळे पुसले.

"आधी पाय काढ," ती म्हणाली. "गाडी बाजूला घेऊ दे."