विझणारी वाट

स्वीडनमधल्या लुंडमध्ये प्रबंध एकदा विद्यापीठाच्या भिंतीवर खिळ्याने ठोकला, की तो सगळ्या गावाचा होतो. मग मागे घ्यायची सोय नाही. मायब्रिट रोसवालने तो स्वतःच्या हाताने ठोकला आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

दावा दांडगा होता. मेंदूच्या देठात एक निळा ठिपका असतो. तिथून निघालेले मज्जातंतू थेट आठवणींच्या आणि भीतीच्या भागांत पोचतात. उंदराच्या मेंदूचा काप रसायनाच्या वाफेत ठेवला, की अतिनील उजेडात ती वाट हिरवी चमकते. पंचाईत एवढीच, की त्याच उजेडात ती विझतही जाते. म्हणून मायब्रिट फोटो काढण्यापुरता दिवा लावायची आणि काचपट्टी झटकन डब्यात घालायची. तूप वाढणाऱ्या कंजूष बाईचा हात तिच्यापेक्षा सैल.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेची सभा होती, तिच्या आदल्या दुपारी तिचे परीक्षक, प्राध्यापक वेस्टरहोल्म, प्रयोगशाळेत आले. कॉफीला हात न लावता फोटो बघत राहिले.

"उंदीर म्हातारा होता?"

"हो."

"म्हाताऱ्या मेंदूत मळ साचतो. तोही चमकतो. रोसवालबाईंनी मळाचा तर नकाशा काढला नाही?" समोरच्या माणसाला नावानेच संबोधायची त्यांची जुनी रीत होती.

मायब्रिटने फोटो उचलून पुन्हा पाहिला.

"मळ विझत नाही, मज्जातंतू विझतो," प्राध्यापक म्हणाले. "बाईंनी एखादी पट्टी विझवून पाहिली असेलच."

नव्हती पाहिली. जपण्याच्या नादात एकही नाही.

प्राध्यापकांनी सगळ्यांत चांगली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि दिवा लावला. शेजारच्या टेबलावर काम करणारी तिची मैत्रीण केर्स्टिन कुजबुजली, "आता विझू दे म्हण."

"इतके महिने विझू नये म्हणून मरत होते गं!"

"मग आता उलटं मर."

मायब्रिटची छाती धडधडत होती. तिच्याही मेंदूत तो निळा ठिपका आता कामाला लागला असणार. प्राध्यापक हलेनात.

"तशीच आहे," ते म्हणाले.

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाहेर भिंतीवर प्रबंध लटकत होता, तिच्या नावासकट.

बऱ्याच वेळाने ते बाजूला झाले. "बाईंनी स्वतः बघावं."

तिने डोळा लावला. कडेला दोन-चार पिवळट कण ढिम्म चमकत होते. बाकी काळोख. हिरवी वाट कुठेच नव्हती.

"गेली," ती पुटपुटली.

"म्हणजे होती," प्राध्यापक म्हणाले आणि गार कॉफी प्यायले.

केर्स्टिनने दालचिनीचा बन पुढे केला. मायब्रिटने तो घेतला आणि दिवा तसाच जळत ठेवून खाऊ लागली.