दोष दांड्याचा नव्हता

मित्रांनो, मी व्यायामशाळेतला, दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या अडकवायचा एक जुना दांडा आहे. सात फूट लांब, वीस किलो वजनाचा, अस्सल पोलादाचा. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

कारखान्यात माझ्या अंगावर खरखरीत जाळी कोरली, घामेजलेला हात निसटू नये म्हणून. त्या जाळीत दोन्ही बाजूंना एकेक गुळगुळीत पट्टा ठेवला. दोन्ही हात मध्यापासून सारख्या अंतरावर पडावेत, एवढ्यासाठीच ती खूण. 'इथेच धरा' असा तो हुकूम नव्हे! पण ऐकतो कोण?

आमच्याकडे एक रंगारीण यायची. दिवसभर शिडीवर उभी राहून घरांची छते रंगवायची. उंची बेताची, हात आखूड. तिला तिच्या आत्याने आणले होते. आत्या एके काळची नावाजलेली वजन उचलणारी आणि जिभेने फटकळ. बाकावर आडवे होऊन मला छातीपर्यंत आणायचे आणि वर ढकलायचे, हे आत्यानेच तिला शिकवले.

"पट्ट्याच्या चार बोटं आत धर," आत्या म्हणायची. "दांडा छातीला टेकला की कोपर मनगटाच्या बरोब्बर खाली यायला हवं. फार आत धरलंस तर सगळा भार दंडाच्या मागच्या बाजूवर येईल. फार बाहेर गेलीस तर खांदा बोंबलेल."

वर्षभर रंगारीण तसेच करत राहिली. वजन हळूहळू, पण नेटाने वाढत होते.

मग स्पर्धा आली आणि आमच्या प्रशिक्षकाला पदकाची घाई झाली. "चार बोटं आत? अशानं काय जिंकणार तू! हात पट्ट्यावर ने. दांड्याला कमी अंतर जावं लागेल, पाच किलो सहज वाढतील."

तो खोटे बोलत नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. पाच किलो खरेच वाढले. टाळ्या पडल्या. पण ते वजन तिच्या खांद्याच्या जिवावर वाढले, हे मला तिच्या पकडीतून कळत होते.

"सर, खांद्यात कळ येतेय," ती म्हणाली.

"येणारच. इथं काय झोपायला येतेस?"

तीन आठवड्यांनी मी तिच्या छातीवरून वर निघालो आणि अर्ध्यातच तिच्या उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. ती किंचाळली. शेजारच्या दोघांनी मला धरले, म्हणून ती वाचली. आणि प्रशिक्षक काय म्हणाला? "दांडाच वाकडा आहे! फेका तो बाहेर."

मी वाकडा! मला मागच्या नळापाशी टाकले. माझ्यावर गंज चढला.

चार महिन्यांनी रंगारीण आत्याबरोबर आली. तिचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. आत्याने मला उचलून आत आणले आणि सगळ्यांसमोर फरशीवर घरंगळत सोडले. मी जरासुद्धा न डुलता भिंतीपर्यंत गेलो.

"सरळ आहे की रे हा," आत्या कडाडली. "मग वाकडं काय होतं, सांग ना!"

प्रशिक्षक खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेलीच नव्हती.

तेवढ्यात रंगारणीचे लक्ष बाकाकडे गेले. एक ठेंगणी शिक्षिका नव्या दांड्याखाली आडवी झाली होती, हात पार पट्ट्यावर ताणून. "माझा खांदा तुम्ही परत देऊ शकत नाही," रंगारीण प्रशिक्षकाला म्हणाली. "पण यांचे हात आत घ्या. आत्ता. माझ्यासमोर."

तो हलला नाही. शिक्षिकेनेच एकदा रंगारणीच्या खांद्याकडे पाहिले आणि हात चार बोटे आत सरकवले.

रंगारीण आता फक्त भिंती रंगवते, डाव्या हाताने. मला आत्या घरी घेऊन गेली.

मित्रांनो, लांब हात आणि आखूड हात यांची जागा एक नसते. आपली जागा हलक्या वजनाने शोधा. आणि दुखते म्हणणाऱ्याला गप्प बसवणारा कितीही मोठा गुरू असो, त्याचे ऐकू नका. मला जागेवर ठेवून द्या आणि सरळ उठून चालते व्हा.